रात्रीचे वर्ग बंद करणारा माणूस

निवडणुका जवळ आल्या की मराठी वर्तमानपत्रांत 'सोशल इंजिनियरिंग' हा शब्द दिसू लागतो. कोणत्या पक्षाने कोणत्या जातीचा उमेदवार कुठे दिला, कुठली मतं कुठे वळवली, या हिशेबाला आपण ते भारदस्त नाव दिलं आहे. माझ्या धंद्यात, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, त्याच शब्दाचा अर्थ आणखी वाईट आहे. फोनवर गोड बोलून कुणाकडून पासवर्ड किंवा ओटीपी काढून घेणं म्हणजे सोशल इंजिनियरिंग. त्यापासून सावध राहण्याचं ट्रेनिंग आम्हाला दरवर्षी घ्यावं लागतं. त्यामुळे वकील हा एक तर सोशल इंजिनियर असतो नाही तर समाजावर वाढलेलं बांडगूळ, असं एका अमेरिकी प्राध्यापकाने आपल्या विद्यार्थ्यांना बजावल्याचं वाचलं, तेव्हा मी थबकलो. हा शब्द इतक्या आदराने वापरलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

त्या प्राध्यापकाचं नाव चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी 'ब्राऊन' खटल्यात सरकारी शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, हे आपल्याला शाळा-कॉलेजात कुठेतरी ओझरतं कळलेलं असतं. तो खटला लढवणाऱ्या थरगुड मार्शल यांचं नावही अनेकांना ठाऊक असतं. पण मार्शल ज्या संस्थेत घडले, ती संस्था घडवणारा माणूस आपल्याकडे जवळपास अनोळखी आहे. विद्यापीठातल्या एका विधी महाविद्यालयाला वंशभेदाविरुद्धच्या कायदेशीर लढ्याचं केंद्र कसं करायचं, याचा धडा ह्यूस्टन यांनी घालून दिला. त्याची किंमत कुणी मोजली, हा प्रश्न मात्र मला या कहाणीतल्या विजयांपेक्षा जास्त छळतो.

ह्यूस्टन यांचा जन्म १८९५चा, वॉशिंग्टन शहरातला. ॲमहर्स्ट कॉलेजातून ते उत्तम गुणांनी पदवीधर झाले. पहिल्या महायुद्धात सैन्यात अधिकारी म्हणून फ्रान्सला गेले, तेव्हा शत्रूपेक्षा आपल्याच गोऱ्या सैनिकांची भीती जास्त, असा अनुभव त्यांना आला. एका रात्री व्हान या गावात गोऱ्या अमेरिकी सैनिकांच्या जमावाने त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना घेरलं. जीव वाचला तो थोडक्यात. जगलोवाचलो तर कायदा शिकायचा आणि ज्यांना उलटून वार करता येत नाही त्यांच्या बाजूने लढायचं, हा निश्चय युद्धाच्या त्या दिवसांतला. १९१९मध्ये त्यांनी हार्वर्डच्या विधी महाविद्यालयात प्रवेश घेतला. 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'च्या संपादक मंडळावर निवडले गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. पुढे सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झालेले फेलिक्स फ्रँकफर्टर हे तिथले त्यांचे गुरू. डॉक्टरेट मिळवून ते वॉशिंग्टनला परतले आणि वडिलांच्या वकिलीत सामील झाले.

हॉवर्ड विद्यापीठ वॉशिंग्टनमध्येच आहे. यादवी युद्धानंतर, गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या शिक्षणासाठी ते उभं राहिलं. त्याचं विधी महाविद्यालय १८६९ साली सुरू झालं. १९२०च्या दशकात त्याचे वर्ग संध्याकाळी भरत. दिवसभर सरकारी कचेऱ्यांत कारकुनी करणारे, टपाल खात्यात काम करणारे लोक सुटी झाली की वह्या घेऊन तिथे येत. शिकवणारेही बहुतेक अर्धवेळ, दिवसा स्वतःची वकिली करणारे. ग्रंथालय तुटपुंजं. देशातल्या विधी महाविद्यालयांना मान्यता देणाऱ्या संस्थांच्या लेखी हॉवर्डची पदवी कमअस्सलच होती.

१९२६मध्ये मॉर्डेकाय जॉन्सन हॉवर्डचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले. (भारत पाहून आलेल्या याच जॉन्सन यांचं गांधीजींवरचं व्याख्यान १९५०मध्ये फिलाडेल्फियात ऐकून मार्टिन ल्यूथर किंग नावाचा तरुण भारावून गेला, ती गोष्ट पुष्कळांनी वाचली असेल.) सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लुई ब्रँडाइस यांनी जॉन्सन यांना सल्ला दिला होता, की आधी पूर्णवेळ, पक्क्या पायाचं विधी महाविद्यालय उभं करा. कृष्णवर्णीयांच्या बाजूने न्यायालयात येणारे युक्तिवादांचे कागद इतके कच्चे असतात, की ते पाहूनच कुणी लिहिलेत ते ओळखू येतं, असं त्यांचं म्हणणं. सल्ला कडू होता, पण जॉन्सन यांनी तो मनावर घेतला. १९२९ साली त्यांनी ह्यूस्टन यांना उपअधिष्ठाता नेमलं. अधिष्ठातापद एका न्यायाधीशांकडे होतं, पण प्रत्यक्ष कारभार ह्यूस्टन यांचाच. त्यांचं वय तेव्हा जेमतेम चौतीस.

पुढच्या दोन वर्षांत त्यांनी महाविद्यालय मुळापासून बदललं. पूर्णवेळ प्राध्यापक आणले. विल्यम हेस्टी, लिऑन रॅन्सम असे हुशार तरुण तिथे शिकवू लागले. ग्रंथालय वाढवलं, प्रवेशाचे नियम कडक केले. १९३१ साली अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता मिळाली. त्या वेळी या असोसिएशनचे दरवाजे कृष्णवर्णीय वकिलांना बंद होते. म्हणजे जी संघटना या महाविद्यालयाच्या पदवीधरांना सभासद करून घेत नव्हती, तिच्याकडूनच ह्यूस्टन यांनी त्यांच्या पदवीला शिक्का मिळवला. मान मागण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. नियम काय आहे ते पाहिलं आणि तो पूर्ण केला.

आणि १९३०मध्ये त्यांनी रात्रीचे वर्ग बंद केले.

यावरून मोठा गदारोळ झाला. माजी विद्यार्थी चिडले. दिवसा नोकरी केल्याशिवाय ज्याच्या घरी चूल पेटत नाही, त्याने वकील व्हायचं कसं? गोऱ्यांच्या विद्यापीठांनी तर त्याला कधीच दार लावलेलं होतं. आता आपल्याच माणसाने, हार्वर्डहून शिकून आलेल्या माणसाने, आपलं दारही लावावं? ह्यूस्टन यांचं उत्तर थंड होतं. दमूनभागून आलेल्या माणसाला रात्री दोन-तीन तास शिकवून जो वकील तयार होतो, तो दक्षिणेतल्या न्यायालयात टिकणार नाही. समोर राज्य सरकारचा वकील, वर गोरा न्यायाधीश, बाजूला गोरे ज्युरी आणि बाहेर जमाव. अशा ठिकाणी अर्धाकच्चा वकील म्हणजे अशिलाचा घात.

या निर्णयातली एक गोष्ट मला विसरता येत नाही. ह्यूस्टन यांचे वडील विल्यम हे दिवसा सरकारी कचेरीत कारकुनी करत हॉवर्डच्या याच संध्याकाळच्या वर्गांतून वकील झाले होते. त्यांनी वकिली केली म्हणून मुलगा ॲमहर्स्टला आणि हार्वर्डला जाऊ शकला. बाप ज्या दारातून आत आला ते दार मुलाने बंद केलं. ते करताना त्याला काय वाटलं असेल याचा अंदाज बांधायचा मोह होतो, पण मी तो टाळतो. त्याने केलं काय, तेवढं पुरेसं बोलकं आहे.

उरलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी पिळून काढलं. पहिल्याच दिवशी सांगत, की डावीकडच्याकडे बघ, उजवीकडच्याकडे बघ. वर्षभराने तुमच्यातले दोघे इथे नसतील. मुलांनी त्यांना मागे 'आयर्न शूज' आणि 'सिमेंट पँट्स' अशी नावं ठेवली होती. वर्ग वर्षागणिक रोडावत गेला. १९३३च्या तुकडीत मार्शल पहिले आले, ऑलिव्हर हिल दुसरे. मार्शल रोज बाल्टिमोरहून रेल्वेने ये-जा करत. त्यांच्या गावातल्या मेरीलँड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. हॉवर्डच्या फीसाठी त्यांच्या आईने लग्नाची आणि साखरपुड्याची अंगठी गहाण टाकली होती. रात्रीचे वर्ग गेल्यावर शिक्षणाचा खर्च कुणाच्या घरात कसा भागत होता, ते या अंगठ्या सांगतात.

वर्ग फक्त चार भिंतींत नव्हता. ह्यूस्टन विद्यार्थ्यांना तुरुंग दाखवत, मनोरुग्णालयं दाखवत, न्यायालयात नेऊन बसवत. १९३३मध्ये व्हर्जिनियातल्या लीसबर्ग गावात जॉर्ज क्रॉफर्ड या कृष्णवर्णीयावर खुनाचा खटला चालला, तेव्हा बचावाला उभे राहिलेले सगळे वकील कृष्णवर्णीय होते आणि नेतृत्व ह्यूस्टन यांचं होतं. विद्यार्थीदशेतल्या मार्शल यांनी त्या खटल्याच्या तयारीत हात लावला. क्रॉफर्डला फाशीऐवजी जन्मठेप झाली. त्या काळात, त्या गावात, याला यश म्हणत. पुढच्या वर्षी ह्यूस्टन चक्क चलचित्राचा कॅमेरा घेऊन दक्षिण कॅरोलायनात हिंडले आणि गोऱ्या मुलांच्या पक्क्या शाळा व काळ्या मुलांच्या पडक्या शाळा त्यांनी फिल्मवर उतरवल्या. न्यायालयात भाषणापेक्षा पुरावा बोलतो, हे त्यांनी विद्यार्थ्यांच्या अंगी बाणवलं.

आता त्यांची योजना. १८९६च्या 'प्लेसी' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या डब्यांबाबत निकाल दिला होता, की सोय समान असेल तर वेगळी ठेवायला हरकत नाही. 'वेगळे पण समान' हे तत्त्व मग शाळा, बस, उपाहारगृहं सगळीकडे पसरलं. 'वेगळे' कडक पाळलं गेलं, 'समान'कडे कुणी पाहिलं नाही. नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल, म्हणजे एनएएसीपी या संघटनेने १९३०च्या सुमारास नेथन मार्गोल्ड या वकिलाकडून या तत्त्वावर हल्ला कसा करावा याचा अहवाल तयार करून घेतला होता. ह्यूस्टन यांनी त्यातून स्वतःची वाट काढली. 'वेगळे'ला आत्ता हात लावायचा नाही. उलट सरकारला म्हणायचं, की ठीक आहे, तुम्ही म्हणता तसं वेगळं ठेवा, पण मग खरोखर समान करून दाखवा. तो खर्च सरकारला पेलणार नाही इतका वाढवत न्यायचा.

सुरुवात कुठून? प्राथमिक शाळांपासून नाही. तिथे लाखो मुलं, पालक संतापणार. त्यांनी विधी महाविद्यालयं निवडली. तिथे विद्यार्थी मूठभर, त्यामुळे आरडाओरडा कमी. बहुतेक राज्यांत कृष्णवर्णीयांसाठी असं वेगळं महाविद्यालय नव्हतंच, त्यामुळे 'समान सोय आहे' असा बचाव करायला जागा नाही. शिवाय समोर बसलेला प्रत्येक न्यायाधीश स्वतः कायदा शिकलेला. चांगलं विधी महाविद्यालय कशाला म्हणतात हे त्याला समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे जुनी, गुंतागुंतीची प्रणाली एका रात्रीत कुणी फेकून देत नाही. एक सुटा भाग निवडतात, तो बदलतात, तो चालतो हे सिद्ध झालं की पुढचा. मला ही योजना लगेच ओळखीची वाटली. फरक एवढाच, की आमच्या टेस्ट केसला भूक लागत नाही, भीती वाटत नाही.

पहिली केस डोनाल्ड मरे यांची. मेरीलँड विद्यापीठाने वंशामुळे प्रवेश नाकारलेल्या या तरुणाच्या वतीने १९३५च्या जूनमध्ये बाल्टिमोरच्या न्यायालयात ह्यूस्टन आणि त्यांचे शिष्य मार्शल उभे राहिले आणि जिंकले. ज्या महाविद्यालयाचं दार मार्शल यांना बंद होतं, ते त्यांनी दोन वर्षांच्या वकिलीतच दुसऱ्यासाठी उघडलं. त्याच वर्षी ह्यूस्टन हॉवर्ड सोडून एनएएसीपीच्या कायदेशीर कामासाठी न्यूयॉर्कला गेले. हॉवर्ड मात्र त्या लढ्याची तालीम बनून राहिलं. सर्वोच्च न्यायालयात जायच्या आधी वकील तिथे येऊन युक्तिवाद करून दाखवत, प्राध्यापक न्यायमूर्ती होऊन आडवे प्रश्न विचारत, विद्यार्थी चुका काढत. १९३८ साली जेम्स नॅब्रिट यांनी तिथे नागरी हक्कांच्या कायद्याचा अभ्यासक्रम सुरू केला. अमेरिकेतल्या कुठल्याही विधी महाविद्यालयातला तो पहिला.

१९३८मध्येच लॉइड गेन्स यांची केस सर्वोच्च न्यायालयात गेली. मिसुरी राज्य त्यांना म्हणत होतं, की दुसऱ्या राज्यात जाऊन शिका, फी आम्ही देऊ. युक्तिवादासाठी ह्यूस्टन उभे राहिले तेव्हा न्यायमूर्ती मॅकरेनॉल्ड्स यांनी खुर्ची फिरवून त्यांच्याकडे पाठ केली, असं सांगतात. १२ डिसेंबरला निकाल आला, सहा विरुद्ध दोन. राज्याने आपल्या हद्दीतच समान सोय द्यायला हवी. मोठा विजय होता. पण मार्च १९३९मध्ये एका संध्याकाळी पोस्टाची तिकिटं घेऊन येतो म्हणून गेन्स शिकागोतल्या मुक्कामातून बाहेर पडले आणि पुन्हा कुणाला दिसले नाहीत. त्यांचं काय झालं ते आजतागायत कळलेलं नाही. कायद्याच्या पुस्तकांत त्यांचं नाव राहिलं, वर्गाच्या हजेरीपटावर ते कधी चढलंच नाही.

ह्यूस्टन स्वतःही शेवट पाहू शकले नाहीत. २२ एप्रिल १९५० रोजी, चोपन्नाव्या वर्षी, हृदयविकाराने ते गेले. ब्राऊनचा निकाल चार वर्षं लांब होता. पण त्या निकालाच्या पाच खटल्यांकडे पाहिलं की हॉवर्डची हजेरी घेतल्यासारखं वाटतं. मार्शल हॉवर्डचे. व्हर्जिनियाचा खटला चालवणारे ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन हॉवर्डचे. रॉबर्ट कार्टर हॉवर्डचे. वॉशिंग्टनच्या शाळांचा खटला तर ह्यूस्टन यांनीच केशकर्तनालय चालवणाऱ्या गार्डनर बिशप यांच्या पालक-गटासाठी हाती घेतला होता. अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी बिशप यांना नॅब्रिट यांच्याकडे पाठवलं. नॅब्रिट यांनी केस घेतली, पण एक अट घातली. 'समान' शाळा मागायच्या नाहीत, 'वेगळे'वरच थेट घाव घालायचा.

थेट घावाची ही कल्पना हॉवर्डच्या एका वर्गात आधीही बोलली गेली होती, आणि तेव्हा सगळे हसले होते. बोलणारी होती पॉली मरे. १९४१ ते १९४४ या काळात ती तिथे शिकली. वर्गात ती एकटी मुलगी. १८७२ साली शार्लट रे या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री-वकिलाला पदवी देणाऱ्या या महाविद्यालयात सत्तर वर्षांनंतरही एका प्राध्यापकाने बाईमाणूस कायदा शिकायला का येते ते कळत नाही, असं वर्गात म्हटलं. दक्षिणेतल्या वर्णभेदाच्या कायद्यांना 'जिम क्रो' म्हणत. आपल्या वाट्याला आलेल्या भेदाला पॉलीने 'जेन क्रो' नाव दिलं. शेवटच्या वर्षी तिने निबंध लिहिला, की सोयी समान आहेत का हे मोजत बसू नका, माणसांना वेगळं काढणं हाच घटनेचा भंग आहे असं म्हणा. पंचवीस वर्षांत 'प्लेसी' उलटेल, अशी दहा डॉलरची पैज तिने रॉबिन्सन यांच्याशी लावली. लागली फक्त दहा वर्षं. आणि ब्राऊनची तयारी करताना रॉबिन्सन यांनी तिचा तो जुना निबंध बाहेर काढून वाचला होता, हे तिला खूप नंतर कळलं. ती वर्गात पहिली आली होती. अशा विद्यार्थ्यांनी पुढच्या अभ्यासाला हार्वर्डला जायचं, हा रिवाज होता. हार्वर्डने तिला स्त्री म्हणून नाकारलं.

मला इथे ह्यूस्टन यांच्या कामाचं खरं माप सापडतं. त्यांची योजना शिस्तीची आणि चिवट होती, पण शेवटची गाठ तिने सुटली नाही. ती सोडवणारी माणसं मात्र त्यांनी उभ्या केलेल्या जागेतूनच आली. योजना चुकली तर ती दुरुस्त करणारी माणसं संस्थेत असावी लागतात. हॉवर्डमध्ये ती होती. त्यांच्यातल्या एकीला तिथे नीट वागवलं गेलं नाही, हेही तितकंच खरं.

मराठी वाचकाला या कहाणीत बाबासाहेब आंबेडकर आठवल्याशिवाय राहणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. ज्या १९३५ साली ह्यूस्टन यांनी हॉवर्ड सोडलं, त्याच वर्षी बाबासाहेब मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. चवदार तळ्याचा दावा तेव्हा न्यायालयात चालूच होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो १९३७मध्ये निकाली काढला. १९४६मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघापुढे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी मांडलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. आपणही अस्पृश्यांच्या वतीने तसं काही करावं, असा विचार त्यामागे होता. आणि त्याच १९४६च्या जूनमध्ये त्यांचं सिद्धार्थ महाविद्यालय मुंबईत सुरू झालं. तिथे वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्या मुलांना शिकून कामावर जाता यावं.

एकाने नोकरदारांसाठीचे वर्ग बंद केले, दुसऱ्याने नोकरदारांसाठी सुरू केले. दोघांची गरज वेगळी होती. ह्यूस्टन यांना थोडे पण अजिंक्य वकील हवे होते, बाबासाहेबांना पहिल्या पिढीतले पुष्कळ पदवीधर. यात कोण बरोबर असा कौल द्यायची माझी इच्छा नाही. पण वंचितांसाठी संस्था चालवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी सोडवावा लागतो. दार रुंद ठेवायचं की उंबरठा उंच करायचा?

आज हॉवर्डमध्ये थरगुड मार्शल यांच्या नावाचं नागरी हक्क केंद्र आहे. २०२३मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करणं अवैध ठरवलं, तेव्हा बहुमतातल्या आणि विरोधातल्या न्यायमूर्तींनी दोघांनीही ब्राऊनचाच हवाला दिला. त्यामुळे अशा केंद्रांना काम पुन्हा पुष्कळ आहे. ते चालवणाऱ्यांना ह्यूस्टन यांची यशाची यादी तोंडपाठ असणारच. मार्शल १९६७मध्ये सर्वोच्च न्यायालयात पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले, हेस्टी पहिले कृष्णवर्णीय संघीय न्यायाधीश, अशी ती यादी लांबत जाते. दुसरी एक यादी कुठेच नाही. १९३०च्या त्या वर्षी कचेरी सुटल्यावर वह्या घेऊन येणारे आणि दुसऱ्या वर्षी न आलेले कारकून, टपालवाले कोण होते, त्यांनी पुढे काय केलं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. ह्यूस्टन यांच्या वडिलांसारखा एखादा त्यांच्यातही असेल.